आधी सामायिक सातबारा

कोकणातल्या काजू उद्योगासाठी सरकारपुढे ठेवायच्या मागण्यांची यादी संघटनेने केली आहे. त्यात वीजदर पहिला आहे, पण दर ठरवतो वीज नियामक आयोग, विधिमंडळ नाही. सरकारकडे मागायची ती वीज शुल्कात, म्हणजे बिलावर राज्य सरकार लावतं त्या करात, माफी.

खरी अडचण सामायिक सातबाऱ्याची. रत्नागिरी-सिंधुदुर्गात एका गटावर ३०-४० नावंही सापडतात. कित्येक मुंबईला, काही मयत आणि वारसनोंद नाही. काजूच्या शेडसाठी बँक तारणावर सगळ्यांच्या सह्या मागते. एक अडली की कर्ज अडलं. जमीन महसूल संहितेच्या कलम ८५ने वाटप होतं, पण कुणी हक्काचा वाद काढला की दिवाणी निकालापर्यंत ते थांबतं. म्हणून मागण्यांच्या मसुद्यातच लिहा: वारसनोंदीला मुदत, कागदाशिवायची हरकत तिथेच निकाली. आणि वाटपाची नोटीस मुंबईच्या पत्त्यावरही जायला हवी, नाहीतर भावकीवर अन्याय होईल.