अनुभव धागा: छोट्या कॅमेऱ्यावर व्हिडिओ करताना कामी आलेल्या स्वस्त वस्तू

आखाजीचा_झोका

काल जुनी हार्ड डिस्क लावली आणि आजीचा व्हिडिओ सापडला. अमळनेरच्या घरी, माजघरात बसून तिने गौराईची गाणी म्हटली होती, आखाजीच्या (अक्षय्य तृतीयेच्या) आदल्या दिवशी. कॅमेरा अगदी साधा, खिशात मावणारा. चेहऱ्यावर एका बाजूने खिडकीचा उजेड, दुसरी बाजू अंधारी. पण आवाज असा आलाय की काकणांची किणकिण ऐकू येते, आणि मध्येच ती "थांब रे, पुढलं आठवू दे" म्हणते तेही स्वच्छ. आजी जाऊन बरीच वर्षं झाली. रात्री सगळ्या घराने बसून ऐकलं.

हे श्रेय कॉलर माईकचं. बोया कंपनीचा बीवाय-एम१, घेतला तेव्हा हजाराच्या आत होता. वायर ६ मीटर लांब, त्यामुळे कॅमेरा पार ओट्यावर ठेवता येतो. वायरवर छोटी डबी असते, तिच्यात एलआर४४ हा बटणासारखा सेल लागतो. डबीवर कॅमेरा आणि मोबाईल असं बटण आहे, कॅमेऱ्याला लावताना ते कॅमेऱ्याकडे हवं. लुगड्यावर माईक लावायचा तर गळ्याशी नको, पोत आपटत राहते. खांद्यावर पदराची घडी येते तिथे आतून मायक्रोपोर पट्टीने चिकटवला आणि वायरचा छोटा वेढा करून तोही पट्टीखाली घेतला. मग वायर ओढली गेली तरी खरखर येत नाही.

माझं ठाम मत: पैसे थोडे असतील तर आधी आवाज, मग कॅमेरा स्थिर ठेवायची सोय, मग उजेड. कॅमेरा बदलायचा विचार सगळ्यात शेवटी. घरची म्हातारी माणसं, सण, शेत, जे काही तुम्ही शूट केलं असेल, त्यात कमी खर्चाची कोणती वस्तू कामी आली ते लिहा.

केळीबाग_रावेर

सुतळीचा ट्रायपॉड. हार्डवेअरच्या दुकानातून एक दोन-सुती (पाव इंची) बोल्ट, एक मोठं वॉशर, घरची सुतळी. बोल्ट कॅमेऱ्याच्या बुडाला फिरवायचा, सुतळी त्याला बांधायची, खालचं टोक दोन्ही पायांखाली दाबायचं आणि कॅमेरा वर ओढून सुतळी ताणून धरायची. वरखाली हलणं एकदम कमी होतं. बागेत दोन ओळींच्या मधी तीन पायांचा ट्रायपॉड मांडताच येत नाही, पायात ठिबकच्या नळ्या. घडाचा, फण्यांचा जवळून व्हिडिओ घ्यायला हेच वापरतो मी. खिशात राहतं.

भुसावळ_जंक्शन

रावेरवाले भाऊ, बरोबर. फक्त एक सांगून ठेवतो, नवीन माणसाचा कॅमेरा खराब व्हायला नको. कॅमेऱ्याचे आटे पाव इंची, इंचाला २० असे असतात. दुकानदार बऱ्याचदा एम ६ म्हणजे ६ मिलिमीटरचा बोल्ट हातात देतो. दिसायला तोच, पण त्याचे आटे १ मिलिमीटरवर आणि आपले १.२७ वर. दोन फेरे जातो, मग अडतो, आणि जोर लावला की कॅमेऱ्याचे आटे गेले. लांबीपण बघा. सोनीच्या मॅन्युअलमध्ये साडेपाच मिलिमीटरपेक्षा कमी लांबीचा स्क्रू सांगितलाय. बोल्ट लांब असेल तर मधी वॉशर वाढवा. फिटर माणूस आहे, आटे गेलेले बघवत नाहीत.

आसोदेकरीण

आजींचा व्हिडिओ टाका ना इथे. 🙏 माझ्या आईलाही गौराईची खूप गाणी येतात, पण मोबाईल समोर धरला की गप्प बसते. कॅमेरा लांब ठेवायची कल्पना आवडली. पोळ्या करताना ती आपोआप गाते, तेव्हाच लावीन माईक.

आखाजीचा_झोका

ताई, घरच्यांना विचारतो आणि टाकतो. पोळ्या करताना लावाल तर पंखा आणि मिक्सर बंद करा. फ्रीज पण तेवढा वेळ बंद ठेवता आला तर बघा. त्याचा घुंss आवाज आपल्या कानाला सवयीचा असतो, माईकला नसतो.

पांझराकाठ

ज्यांच्या कॅमेऱ्याला बाहेरचा माईक लावायची जागाच नाही त्यांनी काय करायचं? बहुतेक छोट्या कॅमेऱ्यांना नसते. कॅननच्या जी७एक्स मार्क २ ला नाही, मार्क ३ ला आहे. विकत घेताना आधी तेवढं बघा.

माझा उपाय: कॉलर माईक बोलणाऱ्याच्या खिशातल्या जुन्या मोबाईलला. मोबाईल एअरप्लेन मोडवर, रेकॉर्डर चालू. कॅमेरा सुरू झाला की समोर एक जोरात टाळी. एडिटिंगला दोन्हीकडची टाळी जुळवायची, कॅमेऱ्याचा आवाज बंद करायचा, झालं. आमच्या गल्लीतल्या भजनाचा अख्खा सप्ताह असा केला. कार्यक्रम लांब असेल तर मधून मधून पुन्हा टाळी द्या. दोन्ही यंत्रांची घड्याळं तंतोतंत जुळत नाहीत, तासाभराने ओठ आणि शब्द वेगळे दिसायला लागतात. भजनात टाळ्या असतातच, पण आपली टाळी कॅमेऱ्याला दिसेल अशी पाहिजे 😀

सरकी_धुळे

टाळीचं वाचून हसू आलं. आमच्याकडे पोरं शूटिंग नसलं तरी टाळ्या देत फिरतात आता.

मोबाईलच्या माईकच्या पिनला तीन काळ्या रेघा, कॅमेऱ्याच्या माईकच्या पिनला दोन. मोबाईलचा माईक थेट कॅमेऱ्यात खुपसला तर आवाज येत नाही नाहीतर बारीक येतो. छोटी जोडवायर मिळते, शेदोनशेत. घेताना रेघा मोजून घ्या.

माझी वस्तू: जुन्या जीन्सची टांग. गुडघ्याखालचा भाग कापला, एक तोंड शिवलं, आत सरकी भरली, दुसरं तोंड शिवलं. कॅमेरा वर दाबून ठेवला की हलत नाही. भिंतीवर, ट्रॅक्टरच्या बोनेटवर, गाडीच्या खिडकीवर कुठेही. ज्वारी भरू नका, सोंडे होतात.

तापी_उतारू

वाचतोय. भारी धागा शे.

केळीबाग_रावेर

वाऱ्याचं कोणीच नाही लिहिलं? बागेत पानं फडफडतात ते चालतं, ते बागेचंच आहे. पण माईकवर वारा आदळून जो भडभड आवाज येतो त्यात बोलणं बुडून जातं. माईकसोबत येणारा स्पंज वाऱ्याला पुरत नाही, वरून केसाळ टोपी पाहिजे. पोरीच्या फाटक्या टेडीच्या कापडाची बायकोने शिवून दिली. कापडाची मागची वीण विरळ बघून घ्या, तोंडाने फुंकर मारली तर पलीकडे लागली पाहिजे. जाड असेल तर स, श, च बोथट ऐकू येतात.

आसोदेकरीण

वहिनींना सांगा, एक टोपी जास्तीची शिवा म्हणून.

भरीत_पार्टी

हिवाळ्यात मळ्यात भरिताची पार्टी शूट करतो दर वर्षी. कपाशीच्या काड्यांवर वांगी भाजतात तिथे खरी मजा असते, पण कॅमेरा ऑटोवर असला की जाळ वरखाली झाला की चित्र उजळतं, काळं होतं, उजळतं, काळं होतं. एक्सपोजर, म्हणजे चित्राचा उजळपणा, लॉक करा. जाळाकडे नाही, वांग्याकडे धरून लॉक करा. व्हाइट बॅलन्स (रंगांची सेटिंग) उन्हाच्या खुणेवर ठेवा, म्हणजे जाळ केशरी राहतो, पांढरा पडत नाही.

उजेडासाठी वेगळं काही घेतलं नाही. टीव्हीच्या खोक्यातलं थर्माकोल. माणसाच्या अंधाऱ्या बाजूला एकाने धरायचं, चेहरा उघडतो. आखाजीवाले भाऊ, आजींच्या अंधाऱ्या बाजूला एक थर्माकोल ठेवलं असतं तर अजून छान. पुढच्या वेळी आईंचं करताना करा.

यावलचा_पाव्हना

वांगी बामणोदची होती ना? एवढं सांगा फक्त.

भरीत_पार्टी

बामणोदचीच भो. दुसरी भाजून काय करायचं.

आसोदेकरीण

आसोद्याची वांगी खाऊन बघा एकदा, मग बोला. 😤

यावलचा_पाव्हना

ताई, बोलवा मग. सरकीची पिशवी आणि थर्माकोल घेऊन येतो.

मेव्हणा_नंदुरबार

एक प्रश्न सारखा येतो म्हणून लिहितो. अमेरिकेहून कुणी कॅमेरा आणून दिला की घरात ट्यूबलाइटखाली व्हिडिओत काळे पट्टे धावतात. कॅमेऱ्यात दोष नसतो. आपल्याकडे वीज ५० हर्ट्झची, तिथे ६०. इथली ट्यूब सेकंदाला १०० वेळा लुकलुकते. शटरचा वेग १/५० किंवा १/१०० वर ठेवा, कॅमेऱ्यात एनटीएससीच्या (अमेरिकेची व्हिडिओ पद्धत) जागी पाल (आपली पद्धत) करता येत असेल तर करा, मग २५ आणि ५० फ्रेम मिळतात. काही कॅमेरे हे बदलताना कार्ड फॉरमॅट करायला लावतात, आधीचं उतरवून घ्या. खर्च शून्य. भाचीच्या हळदीच्या आधी एक स्टुडिओवाले याच कारणासाठी नवीन लाइट घ्यायला लावत होते, भाऊजींना वेळीच सांगितलं.

आणि साधे स्वस्त एलईडी बल्ब काही वेळा शटर बदलूनही लुकलुकतात. बल्ब बदलून बघायचा. शूटिंगचा लाइट घ्यायचाच असेल तर खोक्यावर सीआरआय (उजेडात रंग किती खरे दिसतात त्याचा आकडा) ९५ च्या वर लिहिलेला घ्या, नाहीतर चेहरे हिरवट येतात. समोर बटर पेपर लावा, सावली मऊ होते. लाइटला चिकटवू नका, थोडं अंतर ठेवा.

गिरणेचं_पाणी

कार्डाबद्दल. ऑनलाइन एका विक्रेत्याकडून १२८ जीबीचं कार्ड आलं, खोकं, नाव सगळं झकास. भरायच्या आधी एच२टेस्टडब्ल्यू नावाच्या फुकट प्रोग्रामने तपासलं तर आत जागा फक्त ८ जीबीची. परत केलं, पैसे मिळाले. पण विचार करा, तेच कार्ड लग्नात लावलं असतं तर ८ जीबीनंतरचं सगळं गेलं असतं, आणि कॅमेरा शेवटपर्यंत रेकॉर्डिंग चालू दाखवत राहिला असता. कार्ड नवीन आलं की आधी तपासा, हे अगदी कळकळीने सांगतो. लग्न पुन्हा होत नाही.

४के शूट करत असाल तर कार्डावर व्ही३० बघा. सेकंदाला किमान ३० एमबी सलग लिहिण्याची ती हमी. साध्या फुल एचडीला क्लास १० बहुधा पुरतो.

पांझराकाठ

गिरणेचं_पाणी, +१. अजून एक, बरेच छोटे कॅमेरे २९ मिनिटांनी आपोआप थांबतात. युरोपात ३० मिनिटं किंवा जास्त रेकॉर्ड करणाऱ्या कॅमेऱ्याला व्हिडिओ कॅमेरा धरून जास्त जकात लागायची, म्हणून कंपन्यांनी ती मर्यादा घातली. कीर्तनात लक्ष ठेवून पुन्हा बटण दाबायला एक पोरगं बसवा.

भुसावळ_जंक्शन

मे महिन्याचं कोण लिहिणार? इथे ४५ च्या वर पारा जातो. छोटा कॅमेरा उन्हात १५-२० मिनिटांत तापून बंद पडतो. तेव्हा स्क्रीन बाहेर काढून ठेवायचा, मागच्या अंगाला चिकटलेला नको, तिथून उष्णता निघायला वाट राहते. ४के बंद, फुल एचडी. वर सावली म्हणून जुनी छत्री, दांडा ट्रायपॉडच्या पायाला दोन रबरी पट्ट्यांनी बांधायचा, सायकलच्या ट्यूबच्या कापलेल्या. कॅमेरा फ्रिजमध्ये ठेवायचा सल्ला कुणी देईल तर ऐकू नका, बाहेर काढला की आत पाणी धरतं.

शेवंता_शहादा

सारंगखेड्याच्या यात्रेत घोडे शूट करायला मिस्टर दत्तजयंतीला जातात. गर्दीत तीन पाय पसरायला जागा नसते, घोडाही अंगावर येतो. त्यांनी सासऱ्यांच्या जुन्या काठीला वर तोच दोन सुती बोल्ट बसवून घेतला वेल्डिंगवाल्याकडून. खालचं टोक कमरेच्या पट्ट्याला टेकवायचं, वर कॅमेरा. घोडा चालीवर असला की कमरेतून वळायचं, हाताने नाही. एकदम गुळगुळीत येतं. धुळीसाठी लेन्सवर पारदर्शक फिल्टर असतो तो या खिशातल्या कॅमेऱ्यांना बसत नाही, आटेच नसतात पुढे. त्यामुळे हवेचा रबरी पंप आणि मऊ फडकं. आधी फुंकायचं, मग पुसायचं. उलटं केलं तर धूळ काचेवर घासली जाते.

आखाजीचा_झोका

शेवंता वहिनी, काठी एक नंबर. सासऱ्यांना सांगा, काठी यात्रेत गाजतेय.

ट्रायपॉड असेल पण स्वस्तातला, तर कॅमेरा फिरवताना झटके येतात. दांड्याला रबर बँड अडकवून रबर बँड ओढा, दांडा हातात धरू नका. झटका रबर खातं.

सातपुड्याच्या_कुशीत

काठीच्या राजवाडी होळीला (अक्कलकुवा तालुका) जाणाऱ्यांना विनंती. होळी पहाटे पेटते, रात्रभर अंधार असतो, म्हणून लोक एलईडी लाइट थेट नाचणाऱ्यांच्या तोंडावर मारतात. करू नका. रात्रभर ते ढोलावर असतात, डोळे दिपतात. विचारून शूट करा, आणि आहे त्या उजेडात. २५ फ्रेम, शटर १/५०, कॅमेरा सरकीच्या पिशवीवर. चित्रात थोडे दाणे आले तर येऊ द्या, ती रात्र तशीच असते.

आणि पावसाळ्यात तोरणमाळला नेलेला कॅमेरा घरी आल्यावर हवाबंद डब्यात, सोबत सिलिका जेल. निळे दाणे गुलाबी झाले की कढईत मंद आचेवर परत निळे करायचे, ती कढई स्वयंपाकाला नको. तांदळात ठेवू नका, पिठी आत जाते.

तापी_उतारू

आता लिहितो काहीतरी. मालेगाव आपल्या शेजारीच. तिथे नासिर शेख यांनी सिनेमे केले तेव्हा सायकलवरून चालता शॉट घेतला, बैलगाडीची क्रेन केली, हे खूप जणांना माहीत असेल. तेच बघून आम्ही आमच्या अहिराणी गाण्याचा शॉट सायकलच्या कॅरियरवर बसून घेतला. चाकात हवा थोडी कमी, सायकल ढकलणारा एक, कॅमेरावाल्याच्या मांडीवर उशी. मातीच्या रस्त्यावर जमत नाही, डांबरी पाहिजे.

सरकी_धुळे

गाणं कुठलं? लिंक द्या ना भो.

तापी_उतारू

अजून एडिट करी राहिनू. पोऱ्यांचा आवाज बठ्ठा टाळ्यांनी भरलाय.

मेव्हणा_नंदुरबार

जळगावला माईक, जोडवायर एका जागी कुठे मिळेल? रविवारी येणं आहे.

गिरणेचं_पाणी

गोलाणी मार्केटला जा, पण रविवारी बरीच दुकानं बंद असतात, आधी चौकशी करून निघा. शनिवारी आलात तर मी पण येतो, मला एलआर४४ घ्यायचेत.