मनातून न जाणारा वधूवेश कोणता?

प्रश्न: प्रसिद्ध व्यक्तींच्या लग्नातला कोणता पोशाख तुमच्या मनातून जात नाही? माझा ब्रिटनच्या राजकुमारी डायनाचा, १९८१ चा. मागचा २५ फुटी घोळ बग्गीत कोंबलेला, उतरताना टॅफेटा (चमकदार रेशमी कापड) चुरगळलेला. तरी नजर हटत नाही.

प्रतिसाद: मोनॅकोच्या राजपुत्राशी लग्न करणारी हॉलिवूडची नटी ग्रेस केली, १९५६! बंद गळा, लांब बाह्यांची लेस. ब्रिटनचा राजपुत्र विल्यमची पत्नी केट मिडलटनच्या २०११ च्या पोशाखात तिचीच छाया दिसते.

प्रतिसाद: जॅकलिन केनेडी, १९५३. पुढे अमेरिकेचे राष्ट्राध्यक्ष झालेल्या जॉन केनेडींच्या पत्नी. शिवणाऱ्या अ‍ॅन लोव. लग्न तोंडावर आलेलं असताना त्यांच्या स्टुडिओत पाणी शिरलं, पोशाख वाया गेला. बाईंनी पदरमोड करून तो पुन्हा बेतला, शिवला. तेव्हा त्यांचं नाव फारसं कुणी छापलंही नाही, हे मला फार लागतं.

प्रश्नकर्ती: हे ठाऊकच नव्हतं! जॅकलिनच्या पोशाखाच्या घेरावरची ती गोल चुण्यांची नक्षी आता नीट बघते.