डिस्नेचा जेवणाचा प्लॅन आधीच भरावा का? सहा जण, पाच रात्री, सगळे शाकाहारी

टिळकवाडीकर

नमस्कार मंडळी. एप्रिल-मेच्या सुट्टीत ऑर्लँडोच्या डिस्ने वर्ल्डला जायचं ठरतंय. आम्ही दोघं, सासू-सासरे, ९ वर्षांची मुलगी आणि २ वर्षांचा मुलगा. पाच रात्री डिस्नेच्याच हॉटेलात. बुकिंग करून देणारे म्हणतात, डायनिंग प्लॅन आत्ताच भरून टाका, तिथं रोज खिशात हात घालायला नको. सगळे शाकाहारी, दारू कुणी घेत नाही. सासूबाईंची संकष्टी असते आणि सासऱ्यांचं जेवण दीड चपातीचं. पैसे वसूल होतील का? माहितगारांनी आकड्यांसकट सांगावं.

उद्यमबाग

आधी प्लॅनमध्ये काय मिळतं ते बघा, कारण विकणारे तेवढंच गुळमुळीत सांगतात.

प्लॅन दोन. पहिला क्विक सर्व्हिस, म्हणजे काउंटरवरून ताट उचलायचं. प्रत्येक रात्रीमागे माणशी दोन जेवणं, एक स्नॅक आणि संपूर्ण मुक्कामाला एक मग (पेय पुन्हा पुन्हा भरून घ्यायचा पेला). जेवण म्हणजे एक मुख्य पदार्थ आणि एक पेय, गोड नाही. दुसरा नुसता डायनिंग प्लॅन. त्यात एक काउंटरचं जेवण, एक टेबलावर बसून, एक स्नॅक आणि तोच मग. हा मग हॉटेलातच भरून मिळतो, पार्कात नाही. हे लोकांना तिथं गेल्यावर कळतं.

कोविडनंतर ही योजना जानेवारी २०२४ ला परत आली. तेव्हाचे दर धरून हिशेब मांडतो, नंतर वाढलेत, त्यामुळे तुमच्या तारखेचा दर घालून तोच हिशेब पुन्हा करा. क्विक सर्व्हिस मोठ्यांना रात्रीला ५७.०१ डॉलर, ३ ते ९ वयाला २३.८३. तीन वर्षांखालच्याला प्लॅन लागत नाही, तो तुमच्या ताटातलं खातो. म्हणजे चार मोठे २२८.०४, मुलगी २३.८३, एकूण रात्रीला २५१.८७. पाच रात्रींचे १,२५९.३५. डॉलरला ८५ रुपये धरले तर एक लाख सात हजार.

आता सुटं घेतलं तर काय पडतं? काउंटरवरचा शाकाहारी बाउल साधारण १५ डॉलर, कोल्ड्रिंक ५, स्नॅक साडेसहा, तो मग २२ च्या आसपास, म्हणजे पाच दिवसांत रोजचे ४.४०. वर साडेसहा टक्के कर. दोन वेळा बाउल आणि कोल्ड्रिंक, एक स्नॅक, मगचा रोजचा वाटा: ५४.२१ डॉलर. प्लॅन ५७.०१. म्हणजे रोज दोन्ही वेळा कोल्ड्रिंक प्यायलात, तो मग भरभरून वापरलात, तरी माणशी २.८० डॉलर खाली.

आणि कोल्ड्रिंक न घेता पाणीच प्यायलात तर? काउंटरवर बर्फाच्या पाण्याचा ग्लास मागितला की फुकट मिळतो. मग दोन बाउल आणि एक स्नॅक ३८.८७. प्लॅनपेक्षा १८.१४ कमी, तेही प्रत्येक मोठ्या माणसामागे, दररोज. चौघांचे पाच दिवसांचे ३६२.८० डॉलर. आपले तीस हजार आठशे.

कारण सरळ आहे. प्लॅनमधल्या पेयात बिअर, वाइन, कॉकटेलही येतं. बाउलबरोबर ११ डॉलरची बिअर घेणाऱ्याचं तेच रोजचं ६७ डॉलरला जातं, तो दहा डॉलर नफ्यात. दर ठरवताना त्यालाच समोर ठेवलंय, वरणभात मागणाऱ्याला नाही.

शहापूर काकू

उद्यमबाग दादांचा हिशेब बरोबर हाय. खानावळीचं महिन्याचं कार्ड घेतल्यासारखं आहे हे, फक्त सुट्टीची ताटं पुढच्या महिन्यात टाकून मिळत नाहीत. उरलेली क्रेडिट (आधी पैसे भरलेली जेवणं-स्नॅक) हॉटेल सोडायच्या दिवशी मध्यरात्री संपतात, परतावा नाही. शेवटच्या दिवशी विमानतळाच्या बसआधी पंधरा-वीस स्नॅक क्रेडिट कशात उडवायची म्हणून मुलांच्या हातात चॉकलेटं कोंबतात लोक.

तुमच्या सासऱ्यांचं काय होतं ते बघा. काउंटरवरचा एक बाउल म्हणजे आपल्याकडच्या दोन माणसांचा भात. सासू-सासरे दोघांत एक घेतील आणि पोट भरेल. वाटून खायला मनाई नाही, पण मग त्यांची निम्मी क्रेडिट पडून राहतात. तुम्ही पैसे दिलेत दोन ताटांचे.

शाकाहारी म्हणून काही गोष्टी: मेनूवर हिरव्या पानाचं चिन्ह असलेला पदार्थ म्हणजे मांस, दूध, अंडं, मध काहीच नाही. पानाचं चिन्ह नसेल तर विचाराच. भाजीचं सूप म्हणून दिलेल्यात चिकनचं पाणी असू शकतं, आणि फ्रेंच फ्राईज चिकनबरोबर त्याच तेलात तळलेत का हेही विचारा, कारण संकष्टीला बटाटा चालतो म्हणून सासूबाई तेच मागतील. ॲनिमल किंगडम पार्कात पँडोरा भागात सतुली कँटीन आहे, तिथं तोफूचा बाउल मिळतो, खाली भात किंवा कोशिंबीर आपण निवडायची.

आणि एक जागा मुद्दाम सांगते, ॲनिमल किंगडम लॉजमधलं सना. तिथं मुक्कामाला असायची गरज नाही, नुसतं जेवायला जाता येतं. ब्रेड सर्व्हिस म्हणून एक पदार्थ आहे. साधा नान, आलं-लसणाचा नान, कांदा कुलचा, पनीर पराठा असे प्रकार, आणि वाट्यांत चिंचेची चटणी, कोथिंबिरीची चटणी, आंब्याची चटणी, काकडीचं रायतं, लसणाचं लोणचं, हिरव्या मिरचीचं लोणचं. नऊ वाट्या येतात! तीन दिवस बाउल खाऊन कंटाळलेल्या सासऱ्यांना ती चटणीची वाटी दिसली की बघा. पण गंमत अशी की हा पदार्थ मेनूत सुरुवातीच्या यादीत आहे, मुख्य पदार्थात नाही. म्हणजे तुमच्या टेबल क्रेडिटात बसत नाही, प्लॅन असला तरी पैसे वेगळे. प्लॅन नसेल तर तुम्ही फक्त तेवढंच मागवून चौघांत वाटून उठू शकता.

निपाणीचा हिशेबनीस

दुसऱ्या, टेबलवाल्या प्लॅनबद्दल कुणी लिहिलं नाही म्हणून लिहितो. २०२४ चे दर: मोठे ९४.२८, मुलं २९.६९. तुमचे रात्रीला ४०६.८१, पाच रात्रींचे २,०३४.०५.

हा एकाच बाबतीत वसूल होतो. मिकी-मिनी टेबलाशी येतात तसल्या कॅरॅक्टर बुफेला. तिथं मोठ्यांचे साठ डॉलरच्या पुढे लागतात आणि मुलाचे चाळीसच्या आसपास. म्हणजे २९.६९ ची मुलगी एका जेवणातच वसूल. मोठ्यांचं मात्र जेमतेम. आणि रोज बुफे कोण खाणार? सिंड्रेलाच्या किल्ल्यातलं जेवण आणि बऱ्याच महागड्या रेस्टॉरंटांना एकाऐवजी दोन टेबल क्रेडिट जातात, तेवढं ध्यानात असू द्या.

दोन गोष्टी पावतीवर बसतात. टीप प्लॅनमध्ये नाही. तुम्ही सहा जण आहात, आणि सहा किंवा जास्त जणांच्या टेबलावर १८ टक्के टीप आपोआप लागते. ती जेवणाच्या मूळ किमतीवर लागते, प्लॅनमुळे बिल शून्य दिसलं तरी. चार मोठ्यांच्या अडीचशे डॉलरच्या बुफेवर ४५ डॉलर रोख किंवा कार्डाने.

दुसरी गोष्ट टेबल मिळण्याची. जागा ६० दिवस आधी राखायची असते. डिस्नेच्या हॉटेलात राहणाऱ्यांना पोचायच्या तारखेपासून ६० दिवस आधी, एकदमच पूर्ण मुक्कामाची, दहा दिवसांपर्यंतची. तिथली सकाळी ६ ची वेळ म्हणजे उन्हाळ्याच्या वेळेत आपल्याकडे दुपारी ३:३०, हिवाळ्यात ४:३०. मेच्या प्रवासासाठी मार्चमध्ये बसाल तेव्हा तिथं घड्याळ एक तास पुढे सरकतं ते लक्षात ठेवा, नाहीतर तासभर उशिरा लॉगिन कराल. टेबल न मिळता टेबल प्लॅन घेतला तर क्रेडिट कुठं वापरणार?

टिळकवाडीकर

फारच उपयोगी. बुकिंगवाले म्हणतात २०२६ मध्ये ९ वर्षांपर्यंतच्या मुलांचा प्लॅन फुकट आहे. मग चित्र बदलतं का? आणि फक्त आम्हा तिघांचा, म्हणजे आम्ही दोघं आणि मुलगी, प्लॅन घेता येतो का?

उद्यमबाग

हो, २०२६ साठी ३ ते ९ वयाला मोफत ठेवलाय, पण अट आहे. मोठ्यांनी प्लॅन विकत घ्यायचा आणि पॅकेज सवलतीशिवायचं असायचं. ही दुसरी अट नीट बघा. खोलीवरची सवलत सोडावी लागली तर तोटा तिकडे. मुलीचा वाढदिवस कधी? दहा पूर्ण झाले की ती मोठी, जेवणालाही आणि पार्कच्या तिकिटालाही.

मुलीसाठी लहानांची दोन जेवणं आणि स्नॅक सुटे घेतले तर २५ डॉलरच्या आसपास. तेवढे वाचतात. पण पाणी पिणारे चार मोठे रोज ७२ डॉलर जास्त भरतायत. लेकराच्या २५ साठी ७२ घालायचे. फुकट कसलं.

आता तुमचा दुसरा प्रश्न, तोच महत्त्वाचा. एका बुकिंगमधल्या तीन वर्षांवरच्या सगळ्यांनी प्लॅन घ्यावा लागतो, एकाला वगळता येत नाही. पण वेगवेगळी बुकिंग वेगवेगळी धरतात. आणि तुम्हाला तसंही दोन खोल्या लागणार, कारण साध्या खोलीत चारच जण बसतात, वर फक्त तीन वर्षांखालचं पाळण्यातलं मूल. तेव्हा दोन खोल्या एका नंबरावर न घेता दोन बुकिंग करा. सासू-सासरे एकात, प्लॅनशिवाय. तुम्ही दोघं आणि मुलं दुसऱ्यात. खोल्या जवळ द्या म्हणून हॉटेलला दोन्ही नंबर कळवा.

मग तुमचा हिशेब: दोघांनी रोज कोल्ड्रिंक घेतलं आणि तो मग वापरला तर दोघांचे मिळून ५.६० खाली, मुलीचे २५ वर. रोजचे १९ फायद्यात. पाणीच पिणार असाल तर ३६ खाली, २५ वर, म्हणजे ११ तोट्यात. कागदावर लिहा की तुम्ही खरोखर काय पिता. तिथं जाऊन काय प्याल ते नव्हे.

खानापूर

डिस्नेत बाहेरचं खाणं आत नेता येतं, हे कुणी लिहिलं नाही. काचेची बाटली नको (बाळाच्या खाण्याच्या लहान बाटल्या चालतात), दारू नको, गरम करावं लागेल असं नको. दशम्या, चटणी, भडंग चालतं.

पण अमेरिकेत शिरताना काय नेता ते वेगळं. तूप आणि दुधाचे बहुतेक पदार्थ आपल्याकडून न्यायला बंदी आहे, जनावरांच्या तोंड-खुरांच्या रोगामुळे. म्हणजे कुंदा घरी ठेवा, डबा कितीही सुंदर असला तरी. भडंगात कढीपत्ता घालू नका. कढीपत्ता लिंबाच्या जातीतला, आणि फ्लोरिडाला संत्र्यांच्या झाडांवरच्या रोगाची धास्ती. दशम्या तुपाऐवजी तेलात. कस्टम्सला सगळं जाहीर करा. जाहीर केलेलं काढून घेतलं तर चुटकीभर नुकसान, लपवलेल्याला दंड.

घरची इलेक्ट्रिक किटली नेऊ नका. तिथं १२० व्होल्ट, आपल्याकडे २३०. पाणी तापायला जवळपास चौपट वेळ लागतो. हॉटेलच्या फूड कोर्टात मायक्रोवेव्ह असतो, दह्याचा डबा आणि फळं तिथल्या किराणा दुकानातून हॉटेलवर मागवता येतात. सासूबाईंची संकष्टी त्यावर निघते. फक्त चंद्र बघायचा तर ऑर्लँडोची वेळ काढा, बेळगावची नाही.

चिकोडी

इथलाच प्रश्न. आम्ही २५ जण निपाणीहून बसने खोपोलीजवळच्या इमॅजिकाला जातोय. तिथंही जेवणाचं कुपन तिकिटाबरोबर देतात. हाच हिशेब लावायचा का?

निपाणीचा हिशेबनीस

हिशेब तोच, आकडे वेगळे. तिथं बाहेरचं खाणं आत नेता येत नाही, त्यामुळे तुलना दशम्यांशी नाही, आतल्याच सुट्या दराशी. कुपन घेण्याआधी चार गोष्टी लेखी मागा: ठराविक थाळी आहे की रकमेचं कुपन, कोणत्या काउंटरवर चालतं, त्याच दिवशी संपतं का, आणि ५ टक्के जीएसटी धरलाय की वर लागणार. २५ जणांत १८ ला थाळी हवी असते आणि ७ पोरांना फक्त पिझ्झा. १८ चंच घ्या. दुकानातून घेतलेल्या पाण्याच्या बाटलीला एमआरपीपेक्षा जास्त देऊ नका, आणि बिलात सेवाशुल्क आपोआप घातलं असेल तर काढायला सांगा, जुलै २०२२ च्या ग्राहक संरक्षण प्राधिकरणाच्या सूचना तशा आहेत.

टिळकवाडीकर

दोन बुकिंग करायचं ठरवलं. सासूबाईंचा प्लॅन नाही, पण सनाचं टेबल राखतो. कोल्ड्रिंकचं मुलीला विचारलं, तिला रोज चालेल म्हणते. आम्हा दोघांचं अजून ठरायचंय.