तंतू फुफ्फुसात बसतात, साचतात की रुततात?

विटेकर: विट्याच्या यंत्रमाग कामगारांसाठी पत्रक करतोय. मूळ मसुद्यात श्वासातून आत गेलेले तंतू फुफ्फुसात ‘निक्षेपित होतात’ असं आहे. ‘साचतात’ लिहू का? आणि फायब्रोसिसला (फुफ्फुसाला वण पडण्याला) ‘तंतुमयता’ चालेल?

कृष्णाकाठ: निक्षेपित काढाच, पण सरसकट ‘साचतात’ही नको. तंतू श्वासनलिकेच्या भिंतीला टेकतो ते ‘बसणं’. तिथला बराचसा माल कफाबरोबर वर येऊन गिळला जातो. बाहेर पडण्यापेक्षा येणं जास्त झालं की ‘साचणं’.
खाली वायुकोशांत कफाची ही सोय नाही. तिथं भक्षकपेशी कण गिळतात. पण तंतू १५-२० मायक्रोमीटरपेक्षा (मायक्रोमीटर म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग) लांब असला तर तो पेशीत मावत नाही. अर्धवट गिळलेल्या अवस्थेत ती पेशी दाह वाढवणारी रसायनं सोडत राहते. त्याला ‘रुतणं’ म्हणा, कुसळासारखं.

माणदेशी: खोल जाणं मात्र जाडीवर ठरतं. हवेतल्या मोजणीत धरायचा तंतू ५ मायक्रोमीटरपेक्षा लांब, ३ पेक्षा बारीक आणि जाडीच्या किमान तिप्पट लांब. कापसाचा तंतू साधारण १०-२० मायक्रोमीटर जाड, वायुकोशापर्यंत पोचतच नाही. म्हणून सूतगिरणीतल्या बिसिनोसिसला (कापसाच्या धुळीनं होणाऱ्या श्वसनविकाराला) ‘फुफ्फुसात कापूस साचणं’ म्हणू नका, कितीही प्रचलित असलं तरी. ब्लोरूम-कार्डिंगच्या (कापूस मोकळा करून पिंजण्याच्या) धुळीतल्या जिवाणूंच्या एंडोटॉक्सिन या विषावर तिथं मुख्य संशय आहे. सुट्टीनंतरच्या पहिल्या पाळीला छाती आवळते, ती खूण.

विटेकर: आणि नायलॉन?

कृष्णाकाठ: धागा जाडच. पण मखमली कापडासाठी नायलॉनचे तुकडे (फ्लॉक) कातरताना पातं बोथट असलं तर टोकं वितळून ओढली जातात आणि बारीक तुकडे सुटतात. ते खोल जातात. अमेरिका-कॅनडातल्या अशा कामगारांत १९९० च्या दशकात फुफ्फुसाचा आजार आढळला.
खनिज तंतूंत ‘चिवटपणा’ बघा, म्हणजे फुफ्फुसात किती काळ टिकतो ते. काचलोकर (ग्लासवूल) बहुधा काही आठवडे-महिन्यांत विरघळते, निळा ॲस्बेस्टॉस दशकानुदशकं टिकतो. सिमेंटच्या पत्र्यातला पांढरा ॲस्बेस्टॉस लवकर तुटतो, पण म्हणून निर्धोक नव्हे. तोही कर्करोगकारक आहे. पत्रा कापायचाही नाही, घासायचाही नाही.

माणदेशी: ‘तंतुमयता’ इथं घात करील. वाचणाऱ्याला वाटेल, ओढलेले तंतूच आत वाढले. ते तंतू शरीरानं स्वतः विणलेल्या कोलॅजनचे असतात. ‘फुफ्फुसाला वण पडून ते ताठर होणं’ लिहा.

विटेकर: मग तंतू रुततो, फुफ्फुस वण धरतं. असंच लिहितो. ‘कॉम्प्रेसरच्या हवेनं माग झाडू नका, धूळ शोषून घ्या’ हे त्याच्या वर, ठळक.