अनोळखी माणसं आणि आपण: अनुभव सांगा

चिंगी:
काल डॉक्टरकडे बसले होते. जर्मनीत ११ वर्षं झाली मला. इथे वेटिंग रूममध्ये येणारा प्रत्येक जण सगळ्यांना मिळून एक 'गुटन टाग' टाकतो, आपणही पुटपुटायचं, मग तासभर कोणी कोणाकडे बघत नाही. काल एक पंजाबी आजी आल्या, सगळ्या रिकाम्या खुर्च्या सोडून माझ्या शेजारी बसल्या आणि थेट "बेटा, क्या हुआ है?" नुसता घसा धरला होता हो माझा, पण डोळ्यात पाणीच आलं. एकदम आमची बार्शी-सोलापूर एसटी आठवली. एका बाईने न विचारता पोर माझ्या मांडीवर ठेवलं, मी तिला डब्यातली शेंगाचटणी दिली, वैराग येईपर्यंत तिला माझ्या आत्याचं लग्न का मोडलं तेही कळलेलं. तुमचे अनुभव लिहा.

लोकलवाली:
लेडीज डब्यात "कुठे उतरणार?" म्हणजे प्रेम नाही, सीटचं बुकिंग :)
पण आमचा डोंबिवली फास्टचा ग्रुप होता ९ वर्षं, दसऱ्याला डबा सजवायचो, संक्रांतीला हळदीकुंकू, एकीचं आडनावही माहीत नव्हतं पण तिच्या सासूच्या कुठल्या गुडघ्याचं ऑपरेशन झालं ते माहीत होतं. मार्च २०२० ला लोकल बंद झाल्या. नंतर ती दिसलीच नाही. नंबर घ्यायचा राहिला.

खवय्या:
शेंगाचटणीची रेसिपी द्या आधी.

चिंगी:
@खवय्या उखळात कुटायची, मिक्सर नको. बाकी सवडीने टंकते.

टेक्सासची सून:
सासरे पहिल्यांदा इकडे आले तेव्हा मॉर्निंग वॉकला दिसेल तो गोरा "हाऊ आर यू" म्हणायचा. ते चालता चालता म्हणायचं असतं, थांबायचं नसतं, हे सांगायचं आम्ही विसरलो. बाबांनी एका आजोबांना थांबवून शुगरचे रिपोर्ट सांगितले. तर त्यांनाही डायबेटिस! दोघं रोज बरोबर चालायला लागले. मला इतक्या वर्षांत समोरच्या घरातल्यांची नावं माहीत नाहीत.

बंड्या:
आता पुण्यावर घसरू नका कोणी.

लोकलवाली:
पत्ता विचारणार होते, पण पाटी वाचली ;)

थंडोबा:
हेलसिंकी. शेजारी २ वर्षं 'मोई'च्या (म्हणजे 'हाय'च्या) पुढे गेला नाही. आमचा आवाज आला की दाराआड थांबायचा, आम्ही गेलो की मग बाहेर. फेब्रुवारीत गाडी सुरू होईना तर हा न बोलावता केबल घेऊन हजर, बॅटरीला जोडली, गाडी चालू, मी 'कीटोस' (थँक्यू) म्हणेपर्यंत आत गेलासुद्धा. बायकोने शंकरपाळे दिले. दुसऱ्या दिवशी डबा दाराला अडकवलेला, धुऊन पुसून, रिकामा!

खवय्या:
रिकामा?? आमची आजी निदान चिमूटभर साखर तरी घालून द्यायची.

आवली:
वाचायला गोड वाटतंय सगळं. एकटी मुलगी प्रवास करत असली की "एकटीच का?" हा प्रश्न वेगळा ऐकू येतो, मी कानात हेडफोन घालते, गाणं बंद असलं तरी. मला तो जर्मन वेटिंग रूम चालेल.

माणदेशी:
+१. आणि "आडनाव काय?" विसरलात. ते कशासाठी विचारतात ते आम्हाला माहीत असतं. आडनाव सांगितल्यावर पुढे केलेला डबा हळूच मागे गेलेला मी बघितलाय, त्याच तुमच्या एसटीत. तेव्हा दहावीत होतो. चटणी मलाही आवडते.

चिंगी:
@माणदेशी खरंय. माझ्या त्या गोष्टीत तिनेही आडनाव विचारलं होतं, आत्ता आठवलं. मी लिहिताना गाळलं.

रमाकाकू:
आत्ताच धागा बघितला, कुकर लावून आले. चिंगी, बार्शीत कुठे गं? माझं सासर पांगरी.

चिंगी:
अय्या! भगवंत मंदिराच्या मागे, काकू.

रमाकाकू:
मग लग्न मोडलं ती आत्या कुठली? थांब, व्यनि (व्यक्तिगत निरोप) करते.