शब्दचर्चा: 'जलसमाधी', 'पुनर्बाप्तिस्मा' आणि झ्युरिकचे बुडवलेले उपदेशक

अनुवादक:
सोळाव्या शतकातल्या ॲनाबॅप्टिस्ट (तान्हेपणीचा बाप्तिस्मा न मानणारा ख्रिस्ती पंथ) उपदेशकांच्या छळावरचा एक लेख मराठीत करते आहे. दुसऱ्या कुणीतरी अर्धवट सोडलेला मसुदा माझ्याकडे आला आहे. त्यात पंथाचं नाव 'पुनर्बाप्तिस्मावादी' केलंय. आणि एक वाक्य असं: 'फेलिक्स मान्त्स यांना ५ जानेवारी १५२७ रोजी लिमाट नदीत जलसमाधी देण्यात आली.' हे दुसरं वाक्य काही केल्या पचत नाहीये. काय करावं?

इतिहासवाला:
पहिलं काम, 'जलसमाधी' खोडा. समाधी माणूस स्वतःहून घेतो. फार तर बोटीला 'जलसमाधी मिळते', तीही वर्तमानपत्रात. इथे काय झालं ते बघा. मान्त्स हा झ्युरिकमधला या पंथाचा उपदेशक. त्याला नावेत घालून नदीत नेलं. हात बांधले, बांधलेले हात गुडघ्यांवरून खाली ओढले आणि हात-गुडघ्यांच्या मधून एक काठी आरपार घातली, म्हणजे सुटायचा प्रश्नच नको. मग ढकलून दिलं. काठावरून त्याची आई आणि भाऊ त्याला 'ढळू नकोस' म्हणून ओरडून सांगत होते, आणि तो लॅटिनमध्ये 'हे प्रभो, मी आपला आत्मा तुझ्या हाती सोपवतो' हे गात होता. याला समाधी म्हणायचं? 'बुडवून ठार मारलं' लिहा. आपल्याकडे कडेलोट आहे, सुळी देणं आहे, हत्तीच्या पायी देणं आहे, पण शिक्षा म्हणून पाण्यात बुडवायला असा एकच घट्ट शब्द नाही. नसू दे.

पेशवेकालीन:
'देहान्त प्रायश्चित्त' चालेल का? रामशास्त्र्यांनी राघोबाला सुनावलेलं, त्या अर्थी.

इतिहासवाला:
नाही हो. प्रायश्चित्त म्हटलं की गुन्हेगाराने पाप कबूल करून स्वतः घ्यायचं. मान्त्सने काही कबूल केलं नव्हतं. शिवाय हा पूर्णपणे झ्युरिकच्या नगरपरिषदेचा दिवाणी हुकूम होता, मार्च १५२६ चा: पुन्हा बाप्तिस्मा देणाऱ्याला बुडवून मारावं. 'देहदंड' बरोबर. आणि पाण्याची निवडही मुद्दाम केलेली. पाण्याचा इतका सोस आहे ना, मग घ्या पाणी, असा तो कुत्सितपणा.

वसईकर:
थोडं अवांतर. 'बाप्तिस्मा' हा शब्द प्रोटेस्टंट मंडळींच्या तोंडी जास्त, आम्हा कॅथलिकांकडे 'स्नानसंस्कार' रूढ आहे. तेव्हा 'पुनर्स्नानसंस्कारवादी' असलं काही कृपया करू नका, जीभ मोडेल. आणि काका बॅप्टिस्टा हे टिळकांचे सहकारी, त्यांचा या पंथाशी संबंध नाही. ते आडनाव बाप्तिस्मा करणाऱ्या योहानावरून आलेलं. हे मला दर दोन वर्षांनी कुणीतरी विचारतं.

इतिहासवाला:
काकांचा प्रश्न मिटला, आता खरा प्रश्न पंथाच्या नावाचा. मूळ ग्रीक शब्दातला 'अना' म्हणजे पुन्हा, आणि जर्मन 'वीडरटॉयफर' म्हणजेही पुन्हा बाप्तिस्मा देणारा. पण हे नाव विरोधकांनी दिलेलं. ती माणसं एकमेकांना 'बंधू' म्हणत. २१ जानेवारी १५२५ ला संध्याकाळी झ्युरिकमध्ये मान्त्सच्या घरी कोनराड ग्रेबेलने जॉर्ज ब्लाउरॉकला बाप्तिस्मा दिला आणि मग ब्लाउरॉकने बाकीच्यांना. त्यांचं म्हणणं असं की तान्ह्या पोराच्या डोक्यावर पाणी ओतणं हा बाप्तिस्माच नव्हे, कारण पोराला श्रद्धा कळत नाही. मग आम्ही जो दिला तो पहिलाच, दुसरा कुठून आला?

आता नीट बघा, 'पुनर्' हा उपसर्ग म्हणजे आरोपपत्रच आहे. रोमन सम्राट जस्टिनियनच्या कायदेसंहितेत पुन्हा बाप्तिस्मा देणाऱ्याला देहदंड होता. तो कायदा हजार वर्षांपूर्वी उत्तर आफ्रिकेतल्या डोनाटिस्ट या ख्रिस्ती पंथासाठी केलेला. १५२९ मध्ये पवित्र रोमन साम्राज्याच्या श्पायरला भरलेल्या साम्राज्यसभेने तोच आधार घेऊन हुकूम काढला: पुन्हा बाप्तिस्मा देणारे आणि घेणारे, स्त्री असो वा पुरुष, सगळ्यांना जिवे मारावं, धर्मन्यायालयात चौकशीचीही गरज नाही. म्हणजे नाव चिकटलं की फास आवळला. म्हणून आपण 'ॲनाबॅप्टिस्ट' असं उचलून ठेवावं. त्यातही 'पुन्हा' आहेच, पण मराठी वाचकाला तो ऐकू येत नाही, आणि तेच आपल्याला हवं आहे. आजचे जर्मन अभ्यासकसुद्धा 'वीडर' टाकून नुसतं 'टॉयफर' लिहितात.

अनुवादक:
पटलं. मग 'उपदेशक' ठेवू की 'प्रचारक', 'धर्मगुरू', 'पाळक'?

वसईकर:
प्रचारक नको, तो आता निवडणुकीचा झाला. धर्मगुरू म्हटलं की झगा, दीक्षा, पगार आला. या लोकांना तेच नको होतं.

इतिहासवाला:
'पाळक' मला आवडतो, कारण ॲनाबॅप्टिस्टांनी १५२७ मध्ये श्लाइटहाइमला ठरवलेल्या सात कलमांतलं पाचवं कलम मेंढपाळांबद्दलच आहे. त्यात लिहिलंय की पाळकाला हाकलून लावलं किंवा क्रूसाच्या वाटेने नेलं, म्हणजे ठार मारलं, तर त्याच घटकेला दुसरा नेमावा. पाळक फार दिवस टिकणार नाही हे गृहीत धरूनच केलेला नियम! तो बहुधा मिखाएल सात्लरने लिहिला. आधी ब्लॅक फॉरेस्टमधल्या सेंट पीटर मठाचा प्रायर, म्हणजे मठाधिपतीच्या खालचा अधिकारी. तीन महिन्यांत, मे १५२७ मध्ये, रोटेनबुर्गला त्याची जीभ छाटली, तापल्या चिमट्यांनी अंगाचे लचके तोडले आणि जाळलं. हातांच्या दोऱ्या जळाल्यावर त्याने ठरवून ठेवल्याप्रमाणे दोन बोटं वर केली, आपण ढळलो नाही हे आपल्या लोकांना कळावं म्हणून. त्याच्या बायकोला, मार्गारेटाला, काही दिवसांनी नेकार नदीत बुडवलं. मात्र गावोगाव फिरणाऱ्यांना 'पाळक' जरा जड जातो, तिथे 'उपदेशक'.

मुद्रितशोधक:
'हुतात्मा' की 'रक्तसाक्षी'? हुत म्हणजे अग्नीत अर्पिलेला. सात्लरला लागू, बुडवलेल्या मान्त्सला कसा लागणार?

पेशवेकालीन:
अहो, मग हुतात्मा चौकातल्या एकशे सहा जणांचं काय कराल? ते गोळीबारात गेले. शब्द रूढ झाला की व्युत्पत्तीने त्याला उठाबशा काढायला लावू नये.

वसईकर:
'हुतात्मा' म्हटलं की देशासाठी मेलेला डोळ्यांपुढे येतो. 'रक्तसाक्षी' ख्रिस्ती वाचकाला लगेच पोचतो, आणि ग्रीक 'मार्तिस'चा अर्थही साक्षीदारच. ते स्वतःला तसंच समजत. मी रक्तसाक्षीला मत देतो.

अनुवादक:
आणि 'छळ'? लेखाच्या नावातच आहे. मला तो सासूचा वाटतो.

मुद्रितशोधक:
संस्कृत 'छल' म्हणजे कपट, मराठीत तो जाचाकडे वळला. 'छळवणूक' घरगुती वाटते, 'छळ' नाही. 'ख्रिस्ती लोकांचा छळ' हा प्रयोग जुना आहे. पण प्रत्येक ठिकाणी तोच शब्द नको. ब्लाउरॉकला मान्त्सच्या मृत्यूच्याच दिवशी उघड्या अंगावर फटके मारत शहराबाहेर काढलं, तिथे 'हद्दपार' लिहा; दोन वर्षांनी, सप्टेंबर १५२९ मध्ये, तिरोलमधल्या क्लाउझनला जाळलं, तिथे 'जाळून मारलं'. सगळीकडे 'छळ केला' म्हटलं की कोणी काय केलं तेच पुसून जातं.

इतिहासवाला:
शंभर टक्के. आणि कर्त्याचं नाव लिहा. हे सगळं पोपनेच केलं असं वाचक धरून चालतो. झ्युरिकमध्ये मान्त्स आणि ग्रेबेल हे तिथला प्रोटेस्टंट सुधारक झ्विंग्ली याचेच चेले होते, त्याच्याच वर्गात ग्रीक वाचलेले. कॅथलिक राजांनी जाळलं, सुधारकांच्या शहरांनी बुडवलं, एवढाच फरक. आणि तोही दर वेळी पाळला गेला नाही. बाल्थाझार हुबमायर या ॲनाबॅप्टिस्ट उपदेशकाला १५२८ मध्ये व्हिएन्नात जाळलं आणि तीन दिवसांनी त्याच्या बायकोला डॅन्यूबमध्ये बुडवलं. याच हुबमायरने १५२४ मध्ये पाखंड्यांना जाळणाऱ्यांविरुद्ध पुस्तिका लिहिली होती.

मुद्रितशोधक:
'पाखंडी' आला म्हणून सांगतो. अशोकाच्या बाराव्या शिलालेखात 'पासंड' म्हणजे नुसता पंथ, आपलाही आणि दुसऱ्याचाही, आणि सगळ्यांचा मान राखा असा आदेश आहे. शिवी नंतर झाली. तिथे 'पाखंडी' लिहायला माझी हरकत नाही, फक्त अवतरणात टाका.

अनुवादक:
शेवटचं एक. नेदरलँड्समध्ये वधस्थानाकडे नेताना जिभेला एक लोखंडी यंत्र लावत, रस्त्यात उपदेश करू नये म्हणून. मसुद्यात 'जिभेचा स्क्रू' आहे. विनोदी वाटतं.

मुद्रितशोधक:
'जिभेला मळसूत्री पकड घातली.' मळसूत्र हा चांगला जुना शब्द आहे, सुतार-लोहार अजून वापरतात. पहिल्यांदा येईल तिथे 'बोलता येऊ नये म्हणून' एवढं जोडा, पुढे नुसतं 'पकड' पुरे.