एकरकमी एफआरपी नको म्हणणाऱ्यांनी आधी हिशोब मांडावा

कृष्णाकाठ: कराडकडच्या ग्रुपवर एक पोस्ट फिरतेय. "शेतकऱ्यांनी एकरकमीचा हट्ट सोडावा, अधिवेशनात आमदारांनी तीन हप्त्यांचा कायदा करावा, नाहीतर सहकारी कारखाने खाजगीच्या घशात जातील." खाली अंगठ्यांचा पाऊस! दोन ओळीत उत्तर देऊन भागणार नाही म्हणून इथं लिहितोय.

एफआरपी म्हणजे केंद्रानं ठरवलेला उसाचा किमान दर. 1966 च्या ऊस नियंत्रण आदेशात तो द्यायला ऊस दिल्यापासून 14 दिवसांची मुदत आहे, चुकली तर वर्षाला 15 टक्के व्याज. आदेश केंद्राचा. राज्यानं 21 फेब्रुवारी 2022 ला जीआर काढून दोन हप्ते केले आणि मार्च 2025 मध्ये मुंबई उच्च न्यायालयानं तो जीआर रद्द केला. आता तेच मागच्या दारानं आणायचं चाललंय.

2025-26 चा दर 10.25 टक्के उताऱ्याला (उसातनं निघणारी साखर) टनाला 3550 रुपये, वर प्रत्येक 0.1 ला 34.60. गेल्या हंगामाचा उतारा 12 धरा: 4155. तोडओढ (तोडणी-वाहतुकीची कपात) 850 धरली तर हातात 3305. जुन्या जीआरप्रमाणे आपल्या पुणे विभागात पहिला हप्ता 10 टक्के उताऱ्यावर, म्हणजे 3463 वजा 850, उरले 2613. टनामागं 692 रुपये हंगाम संपेपर्यंत कारखान्याकडं बिनव्याजी. तीन हप्ते केले तर किती, ते पोस्टवाल्यानं सांगावं.

हिशोबनीस: गणित बरोबर, पण अर्धंच मांडलंय. 0.1 टक्का म्हणजे टनात एक किलो साखर. म्हणजे एका किलो साखरेमागं नुसत्या उसाचे 34.60 रुपये. साखरेचा किमान विक्री दर फेब्रुवारी 2019 मध्ये 31 ठरला, त्यानंतर एफआरपी किती वेळा वाढली ते मोजा. गाळप चार महिन्यांत उरकतं आणि साखर विकायची केंद्राच्या महिन्याच्या कोट्यानं, वर्षभर. बँक मालतारण (साखर गहाण ठेवून कर्ज) देते ते पोत्याच्या पूर्ण किमतीवर नाही, आणि दिलेल्यातूनही जुन्या कर्जाची वसुली (टॅगिंग) कापते. 14 दिवसांत पैसे आणायचे कुठनं?

आडसाली_वाळवा: साखर 31 नं विकतंय कोण? बाजार त्याच्या वर आहे. शिवाय मळी, बगॅस (उसाचा चोथा), वीज, इथेनॉल हे धरायचंच नाही का? बरं सोयीचं गणित आहे!

हिशोबनीस: इथेनॉलचं म्हणाल तर 7 डिसेंबर 2023 ला केंद्रानं ऐन हंगामात रसापासूनचं इथेनॉल थांबवलं. कर्ज काढून डिस्टिलरी उभी केलेल्यांचे हप्ते काय थांबले नाहीत.

आडसाली_वाळवा: मग केंद्राशी भांडा, उसाच्या बिलातनं कशाला वसूल करताय? सोसायटीचं पीककर्ज तीन लाखांपर्यंत शून्य टक्के पडतं ते मुदतीत भरलं तरच. बिल लांबलं की सवलत जाते. 50 टन ऊस, 3305 नं 1 लाख 65 हजार. 14 दिवसांच्या मुदतीनंतर 90 दिवस उशीर म्हणजे 15 टक्क्यांनी कारखान्याकडनं सहा हजारांवर व्याज निघतं. नियमात आहे, पण न मागता बिलात कधी दिसलंय का कुणाला?

गेटकेन_विरोधी: हप्ते राहू द्या बाजूला, तोडओढीवर बोला. कारखाना सगळ्या उसाची सरासरी काढतो. पाच किलोमीटरवरचा ऊस आणि साठ किलोमीटरवरनं आणलेला गेटकेन (कार्यक्षेत्राबाहेरचा ऊस), दोघांना कपात सारखीच. जवळच्यानं लांबच्याचं डिझेल भरायचं, वर तोडणी टोळीला खुशाली आणि ड्रायव्हरला एन्ट्री, हे वरचे पैसे वेगळेच. अंतराचे टप्पे पाडून कपात करा, हा कायदा आधी आणा.

मिरजकर: एवढं सगळं बोललात, वजनकाट्याचा विषय कुणी काढलाच नाही. 20 टनाच्या खेपेत वजनाचे 2 टक्के मारले की 400 किलो, 1320 रुपये गेले. एकरकमी घेऊन काय करताय?

हिशोबनीस: आला काटा! अहो, वजन कमी दाखवलं की उतारा वाढतो. साखर तेवढीच आणि ऊस 2 टक्के कमी, म्हणजे 12 चा 12.24. पुढच्या वर्षी टनाला 83 रुपये जादा द्यायचे. आणि 4155 चे 2 टक्के किती? 83. कारखान्याला मिळालं काय?

मिरजकर: ते चोरलेलं वजन मर्जीतल्या कुणाच्या तरी खात्यावर चढवलं की उतारा जागेवर राहतो आणि बिल तिकडं निघतं. आणि समजा चढवलं नाही, तरी पुढच्या वर्षीचे 83 सगळ्यांत वाटले जातात. ज्याचे 400 किलो गेले त्याला काय?

हिशोबनीस: पुरावा द्या, नाहीतर बदनामी थांबवा.

मिरजकर: पुरावा कारखान्याच्याच संगणकात असतो, साहेब. तो बाहेर यावा म्हणूनच काट्यासाठी कायदा मागतोय.

लोडसेल: दोघंही जरा थांबा. प्रत्येक तफावत चोरी नसते. प्लॅटफॉर्मखाली पाचट आणि चिखल अडकला की काटा मोकळा हलत नाही. काट्याच्या वायरी जोडणाऱ्या जंक्शन बॉक्समध्ये ओल गेली की आकडा सरकतो. चाक कडेवर आलं की वजन कमी. भरारी पथकानं मधोमध एक गाडी उभी करून पंचनामा करण्यात अर्थ नाही, प्रमाणित वजनं प्रत्येक कोपऱ्यावर ठेवून बघायला हवीत. खरी गोम रिकाम्या वजनात आहे. गव्हाणीवरनं (जिथं ऊस उतरवतात) आलेल्या ट्रॉलीत पाचट राहिलं, टायरला चिखल बसला की रिकामं वजन वाढतं आणि तेवढा ऊस कमी होतो. काही ठिकाणी तर रिकामी गाडी काट्यावर घेतच नाहीत, हंगामाच्या सुरुवातीचा आकडा चालवतात.

गेटकेन_विरोधी: बाहेर वजन करून आलेली गाडी नाकारू नये असं साखर आयुक्तालयाचं परिपत्रक आहे. पण बाहेर वजन केलं की पुढची तोड लांबते, हे सगळ्या वाळवा तालुक्याला ठाऊक आहे. वाळलेल्या उसाचं वजन मग कुठल्याही काट्यावर कमीच भरणार.

कृष्णाकाठ: धागा एफआरपीचा होता, मंडळी.

मिरजकर: वजन गुणिले दर म्हणजेच बिल. तुम्ही दरावरच अडून बसलाय.

हिशोबनीस: काटे ऑनलाइन जोडा, हरकत नाही. भरलेलं आणि रिकामं, दोन्ही वजनं त्याच मिनिटाला शेतकऱ्याच्या मोबाईलवर जाऊ द्या. स्वच्छ कारखान्यांचं त्यात काही जात नाही. हप्त्यांवर मात्र माझं मत तेच. 14 दिवस हवेत तर आमदारांनी कायद्याऐवजी मालतारणाच्या व्याजाची तरतूद मागावी.

आडसाली_वाळवा: वा! म्हणजे व्याज सरकारनं भरायचं आणि गाडी संचालकांची. पण चला, 14 दिवस तोंडातून निघाले हेही नसे थोडके.

हिशोबनीस: "हवेत तर" लिहिलंय. नीट वाचा.

लोडसेल: मेसेजमध्ये काटा शून्यावर असतानाची वेळही घ्या. आधीची गाडी उतरल्यावर आकडा शून्याला आला होता का, ते त्याशिवाय कळत नाही.